जीएनआयवरची चांदणी: आयर्लंडने आपलं उत्पन्न मोजायची वेगळी पट्टी का काढली

१२ जुलै २०१६ रोजी आयर्लंडच्या केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाने, म्हणजे सीएसओने, २०१५ या वर्षाचे आकडे जाहीर केले. अर्थव्यवस्था एका वर्षात २६.३ टक्क्यांनी वाढली होती. चारच महिन्यांपूर्वी याच कार्यालयाने याच वर्षाची वाढ ७.८ टक्के सांगितली होती. मधल्या काळात देशात तेल सापडलं नव्हतं, की डब्लिनमध्ये कोणाचा पगार पाव पटीने वाढला नव्हता. अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमन यांनी या प्रकाराला 'लेप्रेकॉन इकॉनॉमिक्स' म्हटलं. लेप्रेकॉन हा आयरिश लोककथांमधला बुटका इसम. इंद्रधनुष्याच्या टोकाशी सोन्याचा हंडा पुरून ठेवतो, आणि तुम्ही हात घातलात की हुलकावणी देतो. आयरिश लोकांना ही उपमा झोंबली. पण ती चुकीची आहे, असं कोणी छातीठोकपणे म्हणेना.

या गोष्टीची सुरुवात बहुतेक ठिकाणी २०१५ पासून सांगतात. माझ्या मते ती बरीच मागे न्यायला हवी. आपल्या भूमीत पिकलेलं आपलं किती, हा प्रश्न आयर्लंडला साडेतीनशे वर्षं छळतो आहे.

राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याचा पहिला गंभीर प्रयत्न करणारे म्हणून विल्यम पेटी यांचं नाव घेतात. इंग्लंडचे लोक वर्षाला ४ कोटी पौंड खर्च करतात, त्यातले दीड कोटी मालमत्तेतून येतात आणि उरलेले अडीच कोटी श्रमातून, असा हिशोब त्यांनी १६६० च्या दशकात मांडला. हे गृहस्थ १६५२ साली इंग्लिश सेनापती क्रॉमवेलच्या फौजेचे वैद्य म्हणून आयर्लंडात आले आणि तिथे जमीन मोजणीत शिरले. बंड मोडून काढल्यावर कॅथलिक जमीनदारांच्या जप्त जमिनी सैनिकांना पगारापोटी वाटायच्या होत्या. कोणाला किती, हे ठरवायला आधी मोजणी हवी. पेटींनी सैनिकांच्याच हातात साखळ्या दिल्या आणि १६५५-५६ मध्ये वर्ष-सव्वा वर्षात काम उरकलं. जमीन कागदावर 'उतरवली' म्हणून ही मोजणी 'डाऊन सर्व्हे' या नावाने ओळखली जाते. मोजणारा स्वतः केरी परगण्यात मोठा जमीनदार होऊन बसला, हे वेगळं सांगायला नकोच.

पुढचा टप्पा मला सगळ्यात गमतीचा वाटतो. १७२९ साली थॉमस प्रायर या डब्लिनच्या माणसाने एक यादीच छापली: आयर्लंडात जमिनी असलेले, पण लंडनला किंवा बाथला राहणारे जमीनदार. नावं आणि नावासमोर रक्कम. बेरीज वर्षाला सहा लाख पौंडांच्या वर जात होती. आपल्याकडे दादाभाई नौरोजींनी पुढे हिंदुस्थानातून होणाऱ्या निःसारणाचा हिशोब मांडला, त्याच्या सव्वाशेहून अधिक वर्षं आधीची ही गोष्ट. आजच्या भाषेत, देशाच्या हद्दीत पिकलेलं सगळं म्हणजे जीडीपी (सकल देशांतर्गत उत्पादन), आणि त्यातून परदेशी मालकांच्या वाट्याचं वजा जाता आणि परदेशातून आलेलं मिळवता देशाच्या लोकांचं उरतं ते जीएनपी (सकल राष्ट्रीय उत्पादन). प्रायरने या दोहोंतली तफावत नावानिशी लिहून काढली होती.

१८४१ साली या बेटावर ८० लाखांहून जास्त माणसं होती. १८४५ नंतरच्या दुष्काळात साधारण दहा लाख मेली, तितकीच देश सोडून गेली, आणि नंतरही गळती थांबली नाही. १९२२ साली स्वतंत्र झालेला देश आपल्या कोकणासारखाच बाहेरून येणाऱ्या पैशावर बराच विसंबून होता. तिकडे मनीऑर्डरच्या जागी अमेरिकेहून येणारं पाकीट. १९४६ साली सरकारने राष्ट्रीय उत्पन्नाची पहिली अधिकृत श्वेतपत्रिका काढली आणि १९४९ मध्ये सीएसओ स्थापन केलं. योगायोग असा की त्याच वर्षी दिल्लीत नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीवर पुण्याचे धनंजयराव गाडगीळ होते. सीएसओचे पहिले संचालक रॉय गिअरी हे जागतिक दर्जाचे संख्याशास्त्रज्ञ. देशादेशांतल्या किमती वेगवेगळ्या असताना त्यांच्या उत्पन्नाची तुलना कशी करावी, याची एक पद्धत त्यांनी सुचवली आणि ती आजही गिअरी-खमिस या जोडनावाने शिकवतात. साऱ्या जगाला तुलनेची पट्टी देणाऱ्या माणसाचा देश पुढे त्याच तुलनेत बसेनासा झाला.

१९५० च्या दशकात जवळपास चार लाख लोक देश सोडून गेले. धोरण बदलायलाच हवं होतं. १९५६ साली निर्यातीच्या नफ्यावर करसवलत आली, १९५८ मध्ये अर्थखात्याचे सचिव टी. के. व्हिटेकर यांच्या आराखड्यावरून पहिला आर्थिक विस्तार कार्यक्रम आखला गेला, १९५९ मध्ये शॅनन विमानतळाभोवती करमुक्त क्षेत्र उभं राहिलं. १९७३ मध्ये आयर्लंड युरोपीय आर्थिक समुदायात गेला. अमेरिकी कंपन्यांना इंग्रजी बोलणारे कामगार, युरोपची बाजारपेठ आणि हलका कर असं तिन्ही एकत्र मिळालं. कॉर्कजवळ औषधांचे कारखाने आले. शीतपेयांचा अर्क तयार होऊ लागला. १९८० मध्ये ॲपल कॉर्कला आली, नंतर इंटेल लेक्सलिपला. कारखानदारीवरचा कर १९८१ पासून १० टक्के झाला आणि २००३ पासून कंपनीकराचा सर्वसाधारण दर साडेबारा टक्के.

या कंपन्या येईपर्यंत जीडीपी आणि जीएनपी हे आयर्लंडात जवळजवळ जुळे होते. परदेशातल्या गुंतवणुकीचं व्याज येत असल्याने जीएनपी उलट किंचित मोठाच असायचा. आता चित्र उलटलं. कारखाना आयर्लंडात, म्हणून त्याचं उत्पादन जीडीपीत. नफा अमेरिकेतल्या मालकाचा, म्हणून जीएनपीतून वजा. १९९० च्या भरभराटीत हे अंतर वाढत गेलं. आयरिश अर्थतज्ज्ञ परदेशी पाहुण्यांना 'आमचा जीडीपी बघू नका, जीएनपी बघा' असं सांगायचे, आणि बरीच वर्षं तेवढ्यावर भागलं.

मग नियम बदलले. युरोपात २०१४ पासून लागू झालेल्या नव्या हिशोबपद्धतीत संशोधनावरचा खर्च ही गुंतवणूक ठरली, म्हणजे पेटंट हे यंत्रासारखंच भांडवल झालं. शिवाय माल कुठून कुठे गेला यापेक्षा त्याची मालकी कोणाकडे होती, याला महत्त्व आलं. फोनची जोडणी चीनमध्ये झाली, तो जर्मनीत विकला गेला, आयर्लंडच्या वाऱ्यालाही तो उभा राहिला नाही. तरी सुटे भाग आणि तयार माल आयरिश कंपनीच्या मालकीचा असेल, तर ती आयर्लंडची निर्यात. प्रायरच्या काळात जमीन इथे होती आणि मालक गैरहजर होता. आता मालक कागदोपत्री हजर आणि माल गैरहजर.

२०१५ च्या सुरुवातीला बड्या कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा आयर्लंडात हलवली. त्यात ॲपलचा वाटा मोठा, असं जवळपास सगळे अभ्यासक मानतात. सीएसओने मात्र नाव घेतलं नाही, कारण १९९३ च्या सांख्यिकी कायद्याने कोणत्याही एका कंपनीची माहिती उघड होईल असं काही छापायला बंदी आहे. त्या वर्षी काही नेहमीचे तपशीलही झाकून ठेवावे लागले. देशाचा भांडवली साठा वर्षभरात सुमारे ३०० अब्ज युरोंनी फुगला होता. यातला एक युरोही ट्रकमधून उतरलेला नव्हता.

इथे जीएनपीची जुनी मात्रा चालेना. का, ते एका छोट्या हिशोबाने सांगतो. समजा गावात एका दुकानावर पाटी गावाच्या नावाची, पण आतलं यंत्र परगावच्या शेठचं. दुकानाची वर्षाची मिळकत १०० रुपये. त्यातले १० कामगारांचा पगार, ३० शेठचा नफा आणि ६० यंत्राचा घसारा, म्हणजे त्याच्या झिजेची रक्कम. जीडीपी १०० दाखवतो. जीएनपी शेठचे ३० काढतो आणि ७० दाखवतो. पण ते यंत्रच शेठचं, तेव्हा घसाऱ्याचे ६० रुपये काही गावाच्या खिशात येत नाहीत. 'सकल' या शब्दाचा अर्थच मुळी घसारा न वजा केलेलं असा, त्यामुळे ते आकड्यात बसून राहतात. गावाचं खरं उत्पन्न १०. पेटंटांच्या बाबतीत आयर्लंडात नेमकं हेच झालं, फक्त घसारा अब्जांत होता.

आणखी दोन गोष्टी होत्या. एक, विमानं. टोनी रायन यांनी १९७५ मध्ये शॅननला गिनेस पीट एव्हिएशन ही विमानं भाड्याने देणारी कंपनी काढली. ती पुढे बुडता बुडता वाचली, पण तिच्यात तयार झालेल्या माणसांनी आयर्लंडला या धंद्याची राजधानी बनवलं. आपल्याकडच्या विमान कंपन्यांचीही बरीच विमानं आयर्लंडातल्या मालकांकडून भाड्याने घेतलेली असतात. म्हणजे पुण्याहून दिल्लीला जाताना आपण झिजवलेल्या विमानाचा घसारा आयर्लंडच्या हिशोबात जाऊ शकतो. दुसरी गोष्ट, मुख्यालय आयर्लंडात नेलेल्या कंपन्या. वैद्यकीय उपकरणं बनवणारी मेडट्रॉनिक २०१५ मध्ये तशीच कागदोपत्री आयरिश झाली. ॲक्सेंचर २००९ पासून आयरिश आहे. पुण्यात तिचं ओळखपत्र गळ्यात घालून फिरणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे. अशा कंपन्यांनी भागधारकांना न वाटलेला नफा आयर्लंडचं उत्पन्न म्हणून नोंदला जातो, भागधारक जगभर कुठेही असोत.

२६.३ टक्क्यांची चेष्टा झाली तरी चाललं असतं, पण त्याला पैशाची बाजू होती. युरोपीय संघाची वर्गणी राष्ट्रीय उत्पन्नावर ठरते, म्हणजे हवेतल्या उत्पन्नावर खरं बिल. शिवाय सरकारी कर्जाचं जीडीपीशी प्रमाण एका रात्रीत सुंदर दिसू लागलं. २०१० मध्येच युरोप आणि नाणेनिधीपुढे हात पसरावा लागलेल्या देशाला हा आरसा धोक्याचा होता. सीएसओने तज्ज्ञांचा गट नेमला. अध्यक्ष होते मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर फिलिप लेन, जे आता युरोपीय मध्यवर्ती बँकेचे मुख्य अर्थतज्ज्ञ आहेत. गटाने सुचवलं की आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे जीडीपी छापत राहाच, पण शेजारी आपल्यापुरता एक आकडा द्या. जीएनआय म्हणजे सकल राष्ट्रीय उत्पन्न, जीएनपीचाच सख्खा भाऊ. नव्या आकड्याचं नाव सुधारित जीएनआय, चिन्ह जीएनआयवर एक चांदणी. लोक 'जीएनआय-स्टार' म्हणतात.

तो पहिल्यांदा जुलै २०१७ मध्ये आला. तक्ता वरून खाली वाचत जायचा. २०१६ चा जीडीपी पावणेतीनशे अब्ज युरो. परदेशी मालकांचा नफा काढला, युरोपीय संघाशी देणंघेणं मिळवलं, की जीएनआय सव्वादोनशे अब्जांच्या थोडा वर. त्यातून मुख्यालय हलवलेल्या कंपन्यांचा नफा, पेटंटांचा घसारा आणि भाड्याच्या विमानांचा घसारा वजा केला, की तळाशी १८९ अब्ज. तिन्हींत पेटंटांचा घसारा सगळ्यात जड. पहिल्या ओळीतला जवळपास एक तृतीयांश शेवटच्या ओळीपर्यंत पोचलाच नाही. कर्जाचं प्रमाण जीडीपीशी लावलं तर ७३ टक्के, या नव्या आकड्याशी लावलं तर १०६.

हा तक्ता निघाला तेव्हा पंतप्रधानपदी महिन्याभरापूर्वीच लिओ वराडकर आले होते. त्यांच्या वडिलांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. चाकरमान्यांच्या पैशाची सवय असलेल्या प्रदेशातलं आडनाव, बाहेर जाणाऱ्या नफ्याने हैराण देशाच्या प्रमुखाचं असावं, हा योगायोग मला उगाचच आवडतो.

नवा आकडा दोषरहित नाही. तो वर्षातून एकदाच येतो, दुसऱ्या कोणत्या देशाशी त्याची तुलना करता येत नाही, आणि उद्या कंपन्यांनी नवी युक्ती काढली तर चौथी वजाबाकी करावी लागेल. लक्झेंबर्गचाही दरडोई जीडीपी फुगलेला दिसतो, पण तिथलं कारण साधं आहे: जवळपास निम्मे कामगार रोज फ्रान्स, बेल्जियम, जर्मनीतून येतात, उत्पादनात मोजले जातात आणि लोकसंख्येत नाही. आयर्लंडचं दुखणं तितकं सरळ नाही. दरडोई जीडीपीत तो युरोपीय सरासरीच्या दुपटीच्या वर, आणि लोक प्रत्यक्षात किती वस्तू-सेवा वापरतात हे पाहिलं तर सरासरीच्याच आसपास. २०२३ मध्ये जीडीपी घसरला, तेव्हा रोजगार विक्रमी होता आणि जीएनआय-स्टार वाढत होता.

पण मग हे सगळं नुसतंच हवेतलं म्हणावं, तर तसंही नाही. त्या न दिसणाऱ्या नफ्यावरचा कर सरकारी तिजोरीत खराखुरा जमा होतो. कंपनीकराचं उत्पन्न २०१४ मध्ये ४.६ अब्ज युरो होतं, २०२३ मध्ये २३.८ अब्ज. त्यातला निम्म्याहून जास्त कर दहा कंपन्या भरतात. शिवाय सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपीय न्यायालयाने ॲपलला १३ अब्ज युरो आणि वर व्याज आयर्लंडला द्यायला लावलं. आयरिश सरकार स्वतः हे पैसे नकोत म्हणून आठ वर्षं कंपनीच्या बाजूने भांडत होतं.

हा ओघ टिकणार नाही, या धास्तीने २०२४ मध्ये 'फ्युचर आयर्लंड फंड' काढला गेला. २०३५ पर्यंत दरवर्षी ठरावीक रक्कम बाजूला टाकायची. किती, ते कायद्यात लिहिलं आहे: ०.८ टक्के. आणि ते जीएनआय-स्टारचे नव्हेत, जीडीपीचे.