युरोपातल्या संशोधन निधीची अंगतपंगत

अंटार्क्टिकाच्या पठारावर डोम सी नावाची जागा आहे. तिथे 1996 मध्ये युरोपातल्या संशोधकांनी बर्फात भोक पाडायला सुरुवात केली. 788 मीटरवर ड्रिल अडकलं, ते काही केल्या निघेना. शेवटी ते तिथंच सोडून शेजारी नवं भोक घेतलं. 2004 च्या डिसेंबरात ते सुमारे 3,270 मीटरपर्यंत पोचलं. वर निघाला दहा सेंटिमीटर जाडीचा बर्फाचा दांडा, अर्थात तुकड्यातुकड्यांत. त्यातल्या बुडबुड्यांमध्ये गेल्या आठ लाख वर्षांची हवा कोंडलेली होती. हवामानबदलावरच्या व्याख्यानांत कार्बन डायऑक्साइडचा जो दातेरी आलेख दाखवतात, त्याचा सर्वांत जुना भाग या दांड्यातून आला.

प्रकल्पाचं नाव एपिका. त्याच्या प्रत्येक शोधनिबंधाच्या शेपटाला बारीक टायपात आभाराची ओळ असते: निधी युरोपीय आयोगाचा, आणि बेल्जियम, डेन्मार्क, फ्रान्स, जर्मनी, इटली, नेदरलँड्स, नॉर्वे, स्वीडन, स्वित्झर्लंड व ब्रिटन यांच्या राष्ट्रीय वाट्यांचा. ही ओळ कोणी वाचत नाही. पण दहा देशांच्या तिजोऱ्यांतला पैसा एका भोकात उतरवणं हे बर्फ कापण्याइतकंच चिवट काम आहे, आणि ते कसकसं जमत गेलं याला पन्नासेक वर्षांचा इतिहास आहे.

अडचण मुळातच आहे. संशोधनाला पैसे देणाऱ्या संस्था जन्मल्या त्या राष्ट्रीय म्हणूनच. ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल 1913 ची, बेल्जियमचा एफएनआरएस 1928 चा, फ्रान्सचं सीएनआरएस 1939 चं. जर्मनीची कहाणी वेगळी. पहिल्या महायुद्धानंतर हरलेल्या देशांच्या शास्त्रज्ञांना आंतरराष्ट्रीय संघटनांनी दारं बंद केली. 1919 मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संशोधन परिषदेत 1926 पर्यंत जर्मनांना जागा नव्हती. घरात चलनाची धूळधाण उडत होती. त्या काळात, 1920 मध्ये, जर्मन विज्ञानासाठी ‘नोटगेमाइनशाफ्ट’ उभी राहिली. शब्दशः अर्थ संकटकाळची मंडळी. आजच्या डीएफजीची, म्हणजे जर्मनीच्या संशोधन परिषदेची, ही आजी. स्विस नॅशनल सायन्स फाउंडेशन 1952 चं, आणि त्याचा स्थापनादिन 1 ऑगस्ट, म्हणजे स्वित्झर्लंडचा राष्ट्रीय दिन. ऑस्ट्रियाचा एफडब्ल्यूएफ 1967 चा.

यांच्या तिजोरीत येतो तो करदात्याचा पैसा, आणि संसदेत पहिला प्रश्न ठरलेला: आपला पैसा बाहेर का जातोय? अनुदानाच्या नियमांतही तोच प्रश्न शिरला. पगार द्यायचा तो देशातल्या विद्यापीठातल्या माणसाला, उपकरण बसवायचं ते देशातल्या प्रयोगशाळेत. आपल्याकडे विनियोग प्रमाणपत्र भरता भरता केस पांढरे झालेल्या प्राध्यापकांना हे फोड करून सांगायची गरज नाही.

मोठ्या यंत्रांचा प्रश्न सरकारांनी करार करून सोडवला. अणूच्या आतल्या कणांचा अभ्यास करणारं सर्न 1954 मध्ये बारा देशांच्या करारातून उभं राहिलं. प्रत्येकाने राष्ट्रीय उत्पन्नाच्या मानाने वर्गणी द्यायची. पण जर्मनीतल्या फ्रायबर्गमधल्या एका बाईंना झुरिचमधल्या एका गटाबरोबर तीन वर्षं मातीतल्या बुरशीवर काम करायचं आहे, त्यासाठी कोण करार करणार?

1971 मध्ये 19 देशांनी ‘कॉस्ट’ नावाची व्यवस्था सुरू केली. तिची युक्ती अशी की संशोधनाचा खर्च ज्याचा त्याने करायचा, कॉस्ट फक्त भेटीगाठींचा खर्च देणार. ती अजून सुरू आहे, आणि आपसांत ओळखी करून देण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. पण बुरशीवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याचा पगार ओळखीतून निघत नाही.

मग 1974 च्या नोव्हेंबरात स्ट्रासबुर्गमध्ये युरोपियन सायन्स फाउंडेशनची स्थापना झाली. 15 देशांतल्या 42 अकादम्या आणि संशोधन परिषदा तिच्या सभासद होत्या, पहिले अध्यक्ष ब्रिटनचे भौतिकशास्त्रज्ञ ब्रायन फ्लॉवर्स. सभासद सरकारं नव्हती, परिषदा होत्या, हे महत्त्वाचं. ब्रिटन, डेन्मार्क आणि आयर्लंड आदल्याच वर्षी युरोपीय समुदायात आले होते आणि ब्रसेल्सलाही विज्ञानात रस वाटू लागला होता. ब्रसेल्सने धोरण ठरवून आपल्या हातात देण्याआधी आपणच काहीतरी उभं करावं, अशी परिषदांची धडपड त्यात होती असं मला वाटतं. फ्रान्समध्ये ग्रेनोबलला आज जो सिंक्रोट्रॉन, म्हणजे प्रखर क्ष-किरण देणारं यंत्र, आहे, त्याचा विचार सत्तरच्या दशकात याच फाउंडेशनच्या टेबलावर झाला. करारावर सह्या व्हायला 1988 उजाडलं आणि यंत्र वापरायला खुलं व्हायला 1994.

मला मात्र त्या काळातली समुद्राची गोष्ट जास्त आवडते. ऐंशीच्या दशकात अमेरिकेच्या पुढाकाराने समुद्रतळ खणण्याचा एक आंतरराष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. जहाजावर आपले शास्त्रज्ञ पाठवायचे तर पूर्ण सभासदत्व घ्यायला हवं, आणि त्याची वर्गणी आइसलँड, ग्रीस किंवा फिनलंडसारख्यांच्या आवाक्याबाहेर. तेव्हा युरोपियन सायन्स फाउंडेशनने बारा छोट्यामध्यम देशांना एकत्र बसवलं. बारा जणांत मिळून एक सभासदत्व! या सफरीला स्वीडनचा माणूस, पुढच्या सफरीला तुर्कस्तानचा, अशी पाळी. गावात एका मोटेवर चार शेतकऱ्यांच्या पाळ्या असायच्या, तसंच. हिशेबाची किचकिच झाली असणारच, पण पैसा खरोखर एका भांड्यात पडला.

असं भांडं नेहमी का नाही चालत? कारण युरोपातल्या प्रत्येक सहकार्याच्या मागे एक फ्रेंच शब्दप्रयोग भुतासारखा उभा असतो: ‘ज्युस्त रतूर’, म्हणजे घातलं तेवढं परत. आमच्या देशाने भांड्यात दहा रुपये टाकले तर आमच्या शास्त्रज्ञांना दहाचं मिळालं पाहिजे. गुणवत्तेवर निवड आणि घातलं तेवढं परत, ही दोन्ही वचनं एकाच वेळी पाळता येत नाहीत. परिषदांच्या निम्म्या बैठका यातच गेल्या असाव्यात.

1984 मध्ये युरोपीय समुदायाचा संशोधनाला पैसे देणारा पहिला ‘फ्रेमवर्क प्रोग्राम’ आला आणि ब्रसेल्सकडे स्वतःची थैली झाली. परिषदांना आता दुहेरी चिंता. त्यांच्या प्रमुखांनी 1992 च्या सुमारास आपला एक अनौपचारिक गट केला, त्याचं नाव युरोहॉर्क्स. गट म्हणण्यापेक्षा क्लब म्हणणं बरं. मोठं कार्यालय नाही, प्रमुखांनी भेटायचं आणि बोलायचं. कागदोपत्री हलकीफुलकी असलेली ही मंडळीच पुढे सर्वांत कामाची कल्पना रुजवणार होती.

जानेवारी 2000 मध्ये संशोधन आयुक्त फिलिप बुस्कँ यांनी ‘युरोपीय संशोधन क्षेत्रा’ची कल्पना मांडली. तक्रार अशी की मालाला सीमा उरल्या नाहीत, पण संशोधनाचा बहुतेक पैसा अजून राष्ट्रीय कुंपणांतच फिरतोय. त्यातून 2002 नंतर ‘एरा-नेट’ आले. एका विषयावर अनेक देशांच्या संस्थांनी मिळून प्रस्ताव मागवणारं एकच आवाहन काढायचं, प्रस्ताव एकत्र तपासायचे, एकच गुणवत्ता यादी लावायची. आणि पैसा? इथे एक अजब संज्ञा जन्मली: आभासी सामाईक भांडं. भांडं आहे, पण त्यात काहीच नाही. प्रत्येक देश आपापल्या शास्त्रज्ञालाच पैसे देणार.

मराठीत याला तयार शब्द आहे. अंगतपंगत. सगळे एका रांगेत बसतात, पण डबा ज्याचा त्याने आणायचा.

अंगतपंगतीत बसलेल्याला तिची गंमत आणि गोची दोन्ही ठाऊक असतात. समजा एका आवाहनात गुणवत्ता यादी लागली. पहिल्या पाचांतल्या चार प्रकल्पांत एकाच छोट्या देशाचे संशोधक आहेत. त्या देशाचा डबा तिसऱ्या प्रकल्पापर्यंत रिकामा झाला. मग यादीतला पाचवा प्रकल्प पडतो, आणि ज्यात तो देश नाही असा नववा प्रकल्प पैसे घेऊन जातो. पाचव्या क्रमांकावरच्या माणसाला हे समजावणं अवघड. यावर पुढे ब्रसेल्सने वरून तूप वाढायचं ठरवलं. होरायझन 2020 या नंतरच्या फ्रेमवर्क प्रोग्राममध्ये अशा एकत्रित आवाहनांच्या खर्चाचा 33 टक्क्यांपर्यंतचा भाग युरोपीय संघ उचलायचा आणि यादीतली अशी भोकं बुजवायला तो कामी यायचा. उत्तरेकडच्या पाच देशांनी 2005 मध्ये नॉर्डफोर्स्क काढलं. तिथे खरोखरचं सामाईक भांडं ठेवायचा आग्रह असतो. पण त्यांचं एकमेकांशी जुनं घरोब्याचं नातं आहे. ती रीत सगळ्या युरोपाला लावता आली नाही.

दुसरी वाट जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड यांच्यात पडली. गाड्यांवरच्या देशचिन्हांवरून (डी, ए, सीएच) तिला ‘दाख’ म्हणतात. आधी त्यांनी सोपी गोष्ट केली: अनुदान मिळालेला संशोधक नोकरी बदलून शेजारच्या देशात गेला तर उरलेला पैसाही त्याच्याबरोबर जाऊ द्यायचा. मग त्यांनी खऱ्या दुखण्यालाच हात घातला.

दुखणं असं. फ्रायबर्गच्या बाई आणि झुरिचचा गट एक प्रस्ताव लिहितात. जर्मन भाग डीएफजीकडे, स्विस भाग स्विस फाउंडेशनकडे. दोन्हीकडे वेगळे परीक्षक, वेगळ्या तारखा, वेगळी समिती. दोन्हीकडे चारातल्या एकाच प्रस्तावाला पैसे मिळतात असं धरा आणि निर्णय एकमेकांशी निगडित नाहीत असंही. तर दोन्हीकडून होकार यायची शक्यता सोळात एक. जर्मनीने हो म्हटलं आणि स्विसांनी नाही, तर अर्धा प्रकल्प हातात राहतो, आणि अर्ध्या प्रकल्पाने बुरशीचं काहीच कळत नाही.

‘लीड एजन्सी’ पद्धत म्हणजे यावरचं उत्तर. ज्या देशात कामाचा मोठा भाग होणार, तिथल्या संस्थेकडे एकच प्रस्ताव जातो. ती परीक्षक नेमते, तिची समिती निर्णय घेते. दुसरी संस्था खर्च आपल्या नियमांत बसतो का एवढं पाहते आणि तो निर्णय आपला म्हणून स्वीकारते. मग दोघी आपापल्या माणसाला आपापल्या तिजोरीतून पैसे देतात.

नीट पाहिलं तर इथे एक पैसाही सीमा ओलांडत नाही. ओलांडतो तो निर्णय. डबे ज्याचे त्याचेच राहिले, पण चव घेऊन ‘जमलंय’ म्हणायचा हक्क शेजारणीला दिला. तीस वर्षं सगळे पैसा हलवायच्या मागे होते. हलण्याजोगी गोष्ट परीक्षण होती. आणि ती हलवायला करारापेक्षा जास्त लागतं ते एवढंच की शेजारच्या संस्थेची समिती आपल्याइतकीच कडक आहे याची खात्री. ती खात्री युरोहॉर्क्सच्या चहाच्या टेबलांवर तयार झाली, असं म्हणायला हरकत नसावी.

दरम्यान 2007 मध्ये युरोपीय संघाच्या पैशावर चालणारी युरोपियन रिसर्च कौन्सिल आली. परिषदांनी आणि शास्त्रज्ञांनीच तिचा आग्रह धरला होता. तिच्यात देशांचे वाटे नाहीत, भागीदारीची अट नाही, निकष फक्त गुणवत्ता. तरुण संशोधकांसाठीच्या तिच्या पहिल्याच आवाहनाला 9 हजारांहून जास्त अर्ज आले, मिळालं सुमारे 300 जणांना. परिषदांनी स्वतः चालवलेला तरुण संशोधकांचा पुरस्कार यानंतर बंद पडला.

युरोपियन सायन्स फाउंडेशनलाही ओहोटी लागली. तिचं आणि युरोहॉर्क्सचं विलीनीकरण करायचा घाट 2011 मध्ये फसला. त्याच वर्षी ऑक्टोबरात बर्लिनमध्ये परिषदांनी ‘सायन्स युरोप’ ही नवी संघटना काढली, कार्यालय ब्रसेल्सला. युरोहॉर्क्स विसर्जित झालं. स्ट्रासबुर्गची जुनी संस्था मोडली नाही, पण हळूहळू परीक्षणाच्या आणि प्रकल्प-व्यवस्थापनाच्या सेवा पुरवण्याकडे वळली. 2018 मध्ये सायन्स युरोपच्या आधाराने अकरा राष्ट्रीय संस्थांनी ‘प्लॅन एस’ जाहीर केला: आमच्या पैशातून झालेला शोधनिबंध सर्वांना फुकट वाचता आला पाहिजे. प्रकाशकांची झोप उडाली ती तेव्हा. तो स्वतंत्र विषय आहे.

लीड एजन्सीची वीण मात्र गाजावाजा न करता पसरत होती. ऑस्ट्रिया, चेकिया, पोलंड आणि स्लोव्हेनिया यांनी 2018 मध्ये आपसांत ती सुरू केली. 2020 मध्ये बारा युरोपीय संस्था एकत्र आल्या आणि या जाळ्याला नाव दिलं ‘वीव्ह’, विणणे. आता दोन किंवा तीन देशांच्या संशोधकांना एकच प्रस्ताव एकाच संस्थेकडे देता येतो. झुरिचमधल्या पीएचडीच्या विद्यार्थ्याचा पगार आणि स्लोव्हेनियात ल्युब्ल्यानातल्या विद्यार्थ्याचा पगार यांत मोठी तफावत असते. वीव्ह त्यात पडत नाही. ज्याने त्याने आपल्या दराने द्यावं.

या विणीचा कस लागला तो राजकारण बिघडल्यावर. मे 2021 मध्ये स्वित्झर्लंडने युरोपीय संघाबरोबरच्या चौकट-कराराची बोलणी सोडून दिली, आणि होरायझन 2020 नंतर आलेल्या होरायझन युरोप या कार्यक्रमात स्विस संशोधक परके ठरले. स्विस फाउंडेशनला युरोपियन रिसर्च कौन्सिलच्या अनुदानांना पर्याय म्हणून स्वतःची अनुदानं काढावी लागली. ब्रिटनही ब्रेक्झिटनंतर बाहेर लटकत राहिला आणि 2024 च्या जानेवारीत परत आला. स्वित्झर्लंड त्याच्या पुढच्या वर्षी. मधल्या काळात ब्रसेल्सचं दार बंद होतं, पण फ्रायबर्ग आणि झुरिच यांच्यातलं नव्हतं. डीएफजी आणि स्विस फाउंडेशन एकमेकींचे निर्णय स्वीकारत राहिल्या, कारण तिथे ब्रसेल्सला विचारायचा प्रश्नच नव्हता.

डोम सीपासून तीस-पस्तीस किलोमीटरवर लिटल डोम सी आहे. तिथे जानेवारी 2025 मध्ये नव्या प्रकल्पाचं ड्रिल 2,800 मीटरवर खडकाला टेकलं. या वेळच्या बर्फाचं वय 12 लाख वर्षांहून जास्त. त्या प्रकल्पाच्या कागदांच्या शेपटालाही आभाराची ओळ आहे. आधी युरोपीय आयोग, मग देशांची नावं: बेल्जियम, डेन्मार्क, फ्रान्स, जर्मनी, इटली, नॉर्वे, स्वीडन, स्वित्झर्लंड, नेदरलँड्स, ब्रिटन. तेच दहा.