संहत अस्थी आणि सुषिर अस्थी: एकाच हाडातील दोन रचना

शरीररचनाशास्त्राच्या परीक्षेत ‘हाडांचे प्रकार लिहा’ असा प्रश्न आला की उत्तरपत्रिकांत एक यादी हमखास आढळते. लांब हाडे, आखूड हाडे, चपटी हाडे, अनियमित हाडे, सेसमॉइड हाडे (गुडघ्याच्या वाटीसारखी, स्नायुबंधात रुजलेली), आणि त्याच ओघात शेवटी संहत (भरीव) हाडे व सुषिर (जाळीदार) हाडे. यादीतील ही शेवटची जोडी चुकीच्या जागी आलेली असते. आधीची पाच नावे संपूर्ण हाडाच्या आकारावरून किंवा स्थानावरून पडलेली आहेत. संहत आणि सुषिर या संज्ञा मात्र त्या हाडाच्या आत अस्थिऊती कशी रचलेली आहे एवढेच सांगतात. मांडीचे हाड लांब, टाचेचे हाड आखूड गटातले, कवटीच्या छताची हाडे चपटी. पण या सर्वांत संहत अस्थीही असते आणि सुषिर अस्थीही असते. प्रौढ माणसाच्या 206 हाडांपैकी कानातील अस्थिका किंवा डोळ्याच्या खोबणीतील कागदासारखे पातळ अश्रू-अस्थी अशी थोडी हाडे वगळली, तर दोन्ही रचना एकत्र नांदत नाहीत असे हाड सापडणे कठीण आहे. आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांना सुश्रुतसंहितेतील कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक हे पाच प्रकारही शिकावे लागतात. तेही हाडाच्या बाह्यरूपावर बेतलेले आहेत, आणि त्यांत दात व कूर्चा (कान-नाकातील लवचिक ऊती) यांनाही हाडांत धरलेले असल्यामुळे एकूण संख्या 300 सांगितली जाते. त्या वर्गीकरणातही संहत-सुषिर हा भेद शोधू नये.

गोंधळात भर टाकणारी आणखी एक गोष्ट म्हणजे नावांची रेलचेल. कॉम्पॅक्ट बोन आणि कॉर्टिकल बोन या दोन्ही संज्ञा सामान्यतः संहत अस्थीसाठीच वापरल्या जातात. स्पंजी, कॅन्सेलस आणि ट्रॅबेक्युलर ही तिन्ही नावे सुषिर अस्थीची आहेत. पाठ्यपुस्तक बदलले की नाव बदलते, वस्तू बदलत नाही.

दोन्ही रचना डोळ्यांनी पाहायच्या असतील तर प्रयोगशाळेची गरज नाही. मटणाच्या दुकानात बोकडाच्या मांडीचे हाड टोकाच्या सांध्यासकट करवतीने उभे कापून मागावे आणि घरी ते स्वच्छ धुऊन उजेडात धरावे. मधल्या दांड्याच्या भागात दोन्ही बाजूंना हस्तिदंतासारखी गुळगुळीत, भरीव, पांढरी भिंत दिसते आणि दोन भिंतींच्या मधोमध मज्जेने भरलेली पोकळी दिसते. ती भिंत म्हणजे संहत अस्थी. नजर टोकाकडे सरकवत नेली की भिंत हळूहळू पातळ होत जाते, पोकळी संपते आणि सांध्याजवळचा फुगीर भाग बारीक काड्यांच्या आणि पत्र्यांच्या जाळीने भरलेला दिसतो. त्या जाळीच्या भोकांत लालसर मज्जा असते. ही सुषिर अस्थी. ‘नळी’ हवी असा हट्ट धरणारे खवय्ये मधला भाग मागतात आणि टोकाचा तुकडा दातांनी चावून त्यातला रस चोखतात, तेव्हा ते दोन रचनांमधला फरक नेमका ओळखूनच वागत असतात. टोकाचा तुकडा दाताखाली चुरडतो, दांड्याचा तुकडा चुरडत नाही.

येथेच एक मोठा गैरसमज तयार होतो. सुषिर अस्थी चुरडते म्हणून ती मऊ द्रव्याची बनलेली आहे, आणि संहत अस्थी कठीण द्रव्याची, असे अनेकांना वाटते. वास्तविक दोन्हींचे द्रव्य मूलतः एकच आहे. कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू आणि त्यांवर बसलेले कॅल्शियम-फॉस्फेटचे स्फटिक यांचे ते मिश्रण असते. हाड सौम्य आम्लात काही दिवस बुडवून ठेवले तर क्षार विरघळतात आणि उरलेला कोलॅजेनचा साचा वाकवता येतो. उलट हाड जाळले तर कोलॅजेन नष्ट होते आणि उरलेले क्षार बोटांनी भुगा होतील इतके ठिसूळ होतात. दोन्ही रचनांच्या बाबतीत हे प्रयोग सारखेच घडतात. सुषिर अस्थीतील क्षारांचे प्रमाण किंचित कमी असते, कारण ती सतत नव्याने घडत असते. परंतु खरा फरक पडतो तो रिकाम्या जागेने. संहत अस्थीत पोकळ्यांचे प्रमाण साधारण 5 ते 10 टक्के असते, तर सुषिर अस्थीत ते 50 ते 90 टक्क्यांपर्यंत जाते. या एका फरकातून बाकीचे बहुतेक फरक निघतात असे माझे मत आहे, आणि विद्यार्थ्याने दोन रकान्यांचा तक्ता पाठ करण्याऐवजी हा धागा धरला तर तक्ता आपोआप भरत जातो.

रक्तपुरवठ्यापासून सुरुवात करू. हाडातील अस्थिपेशी कठीण द्रव्यात गाडल्या गेलेल्या असतात, आणि रक्तवाहिनीपासून फार दूर गेलेली पेशी जगू शकत नाही. सुषिर अस्थीतील काडी, जिला ट्रॅबेक्युला म्हणतात, ती सामान्यतः 0.1 ते 0.2 मिलिमीटर इतकीच जाड असते आणि तिच्या सर्व बाजूंनी रक्ताने समृद्ध मज्जा असते. तिच्यातील पेशींना पोषण पृष्ठभागावरून, सूक्ष्म नलिकांच्या मार्गे मिळते. काडीच्या आत रक्तवाहिनी नेण्याची गरजच पडत नाही. संहत अस्थीची भिंत मात्र काही मिलिमीटर जाड असते. तिच्या मध्यभागी असलेल्या पेशींपर्यंत रक्त पोहोचवण्यासाठी भिंतीतच बोगदे असावे लागतात. इंग्लंडमधील वैद्य क्लॉप्टन हॅव्हर्स यांनी 1691 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या बोगद्यांचे वर्णन केले, आणि आजही त्यांना हॅवर्शियन नलिका म्हणतात. या नलिका हाडाच्या लांबीला बहुतांशी समांतर धावतात आणि फोल्कमान यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आडव्या नलिका त्यांना एकमेकींशी, तसेच बाहेरच्या पर्यस्थिकलेशी (हाडाला वेढणाऱ्या पातळ आवरणाशी) आणि आतल्या मज्जापोकळीशी जोडतात.

सूक्ष्मदर्शकाखाली संहत अस्थीचा घासून पातळ केलेला आडवा छेद पाहिला तर चित्र विलक्षण रेखीव दिसते. प्रत्येक हॅवर्शियन नलिकेभोवती अस्थिद्रव्याची वर्तुळाकार पटले एकावर एक बसलेली असतात. पटलांच्या मध्ये काळे ठिपके दिसतात आणि त्या ठिपक्यांतून कोळ्याच्या पायांसारख्या बारीक रेषा फुटलेल्या असतात. ठिपके म्हणजे अस्थिपेशींची घरे आणि रेषा म्हणजे त्यांना जोडणाऱ्या सूक्ष्म नलिका. घासलेल्या छेदात पेशी उरलेल्या नसतात. घरांत हवा आणि घासण्याची भुकटी शिरलेली असते, म्हणून ती काळी दिसतात. नलिका आणि तिच्या भोवतीची पटले मिळून जो दंडगोल होतो त्याला ऑस्टिऑन म्हणतात, आणि त्याची रुंदी साधारण 0.2 मिलिमीटर असते. दोन ऑस्टिऑनांच्या मधल्या फटीत अर्धवट तुटलेल्या वर्तुळांचे तुकडे दिसतात, ज्यांकडे विद्यार्थ्यांचे सहसा लक्ष जात नाही. ते जुन्या ऑस्टिऑनांचे अवशेष आहेत. जुने हाड कुरतडून त्या जागी नवे ऑस्टिऑन बसवले गेले, आणि जेवढे कुरतडले गेले नाही तेवढे मागे राहिले.

सुषिर अस्थीच्या छेदात हे वर्तुळाकार चित्र शोधत बसू नये. तेथेही पटले असतात, अस्थिपेशी असतात, परंतु पटले काडीच्या कडेला समांतर पसरलेली असतात आणि ऑस्टिऑन सहसा आढळत नाही. स्लाइड ओळखण्याच्या परीक्षेत मधोमध नलिका असलेली वर्तुळे दिसली तर संहत, आणि मज्जेच्या मोठ्या मोकळ्या जागांमध्ये वेड्यावाकड्या पट्ट्या दिसल्या तर सुषिर, एवढी खूण पुरेशी आहे.

वेड्यावाकड्या हा शब्द मात्र छोट्या स्लाइडपुरताच ठीक आहे. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा उभा काप पूर्ण पाहिला तर त्या काड्यांना स्पष्ट शिस्त असल्याचे दिसते. एक जुडगा हाडाच्या गोल माथ्यापासून मानेच्या आतल्या कडेकडे खाली उतरतो आणि शरीराचा भार दाबाच्या रूपाने वाहतो. दुसरा जुडगा बाहेरच्या कडेकडून कमानीसारखा वर वळून ताण सहन करतो. दोहोंच्या मध्ये विरळ काड्यांचा एक त्रिकोण राहतो, ज्याचे वर्णन वॉर्ड यांनी 1838 साली केले. झुरिच येथे शरीररचनेचे प्राध्यापक हेरमान फॉन मायर यांच्या नमुन्यांतील ही मांडणी अभियंते कार्ल कुलमान यांच्या पाहण्यात आली, तेव्हा वाकड्या यारीवर भार दिला असता निर्माण होणाऱ्या ताण-दाबाच्या रेषांशी ती जुळत असल्याचे त्यांना दिसले. पुढे 1892 मध्ये युलियस वोल्फ यांनी हाडाची रचना त्यावर पडणाऱ्या भारानुसार बदलते हा नियम मांडला. त्यांच्या गणिती काटेकोरपणाबद्दल नंतर बरेच आक्षेप घेतले गेले, पण मूळ विचार टिकला. अवकाशात वजनविरहित अवस्थेत राहणाऱ्या अंतराळवीरांच्या खुब्यातील अस्थिघनता महिन्याला साधारण 1 ते 1.5 टक्क्यांनी घटते, यावरून त्याची प्रचीती येते.

याच जुडग्यांचा उपयोग 1970 साली मनमोहन सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अस्थिविरलतेचा (ऑस्टिओपोरोसिसचा) अंदाज घेण्यासाठी केला. हे अस्थितज्ज्ञ होते. नामसाधर्म्यामुळे माजी पंतप्रधानांशी गल्लत करू नये. खुब्याच्या साध्या क्ष-किरण चित्रात कोणते जुडगे शाबूत आहेत आणि कोणते नाहीसे झाले आहेत यावरून त्यांनी सहा श्रेणी ठरवल्या. सहावी श्रेणी म्हणजे सर्व जुडगे दिसणारे निरोगी हाड आणि पहिली श्रेणी म्हणजे दाब वाहणारा मुख्य जुडगाही विरळ झालेले हाड. आज अस्थिघनता मोजणाऱ्या डेक्सा यंत्रामुळे हा निर्देशांक मागे पडला आहे, पण अभ्यासासाठी तो अजूनही उपयुक्त आहे, कारण त्यात सुषिर अस्थीचा ऱ्हास डोळ्यांना दिसतो.

हा ऱ्हास सुषिर अस्थीत आधी का दिसतो, याचे उत्तरही रिकाम्या जागेतच आहे. सांगाड्याच्या एकूण अस्थिवस्तुमानात संहत अस्थीचा वाटा सुमारे 80 टक्के आणि सुषिर अस्थीचा सुमारे 20 टक्के असतो. तरीही जाळीदार रचनेमुळे सुषिर अस्थीला वस्तुमानाच्या मानाने कितीतरी अधिक पृष्ठभाग लाभतो, आणि जुने हाड कुरतडणाऱ्या व नवे हाड घडवणाऱ्या पेशी पृष्ठभागावरच काम करतात. प्रौढ वयात संहत अस्थीचा वर्षाला साधारण 3 टक्के भाग नव्याने घडतो, तर सुषिर अस्थीचा जवळपास 25 टक्के. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी झाले की कुरतडणे घडणीच्या पुढे जाते, आणि जेथे उलाढाल अधिक तेथे तूटही आधी पडते. काडी नुसती बारीक होत नाही, ती मध्येच तुटते, आणि एकदा तुटलेली काडी पुन्हा सांधली जाणे अवघड असते, कारण नवे हाड घालायला तेथे पृष्ठभागच उरत नाही.

म्हणून वयस्कर स्त्रियांमध्ये अस्थिभंगाच्या जागा ठरावीक असतात. मणक्याच्या मुख्य भागात संहत आणि सुषिर यांचे प्रमाण साधारण 25 ला 75 असे सांगितले जाते. मांडीच्या हाडाच्या माथ्यात ते निम्मे-निम्मे असते. कोपरापासून मनगटाकडे जाणाऱ्या त्रिज्यास्थीच्या दांड्यात मात्र 95 ला 5. त्याच त्रिज्यास्थीच्या मनगटाजवळच्या टोकात सुषिर अस्थी भरपूर असते, आणि घसरून हातावर पडले की हाड मोडते ते तेथेच. अब्राहम कॉलिस यांनी 1814 मध्ये वर्णन केलेला हा अस्थिभंग आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. मणका तुटून दोन तुकडे होत नाही, तो दबतो. कित्येकदा पाठीत बाक येईपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही.

कोकणात नारळाच्या किंवा आंब्याच्या झाडावरून पायांवर पडलेल्या माणसाची टाच अशीच चेपते. टाचेचे हाड बाहेरून पातळ संहत कवच आणि आत सुषिर जाळी असे असल्याने वरून आलेल्या भाराने ती जाळी कोसळते. तोच भार पाय आणि कंबरेतून वर जात असल्याने अनुभवी डॉक्टर टाच मोडलेल्या रुग्णाचा कण्याचा फोटोही काढून घेतात. याउलट तरुण माणसाच्या नडगीचा दांडा मोटारसायकलच्या अपघातात मोडतो तेव्हा स्वच्छ रेषेत किंवा तुकड्यांत मोडतो; संहत अस्थी मोठा भार पेलते, पण थोडीशी वाकताच तडकते.

जुळून येण्यातही फरक आहे. सुषिर अस्थीला चारही बाजूंनी रक्त मिळत असल्याने तिचे तुकडे एकमेकांना टेकलेले असतील तर ती काही आठवड्यांत सांधली जाते. नडगीच्या खालच्या तृतीयांशातील दांडा मात्र महिनोन्‌महिने घेतो, कारण तेथे संहत भिंत जाड असते आणि तिला वेढणारे स्नायूही कमी असतात. अशा ठिकाणी हाड जुळत नसेल तर शल्यचिकित्सक बहुधा कमरेच्या हाडाच्या कडेतून सुषिर अस्थीचा कीस काढून तेथे भरतात, कारण त्यात हाड घडवणाऱ्या पेशी विपुल असतात. रक्ताच्या आजारांत मज्जेची तपासणी करायची असेल तरी सुई याच कडेच्या मागच्या भागात घातली जाते. प्रौढ वयात रक्त तयार करणारी लाल मज्जा मुख्यतः मणके, कमरेची हाडे, बरगड्या, उरोस्थी आणि कवटी यांतील सुषिर जाळीत टिकून असते, तर हातापायांच्या दांड्यांतील पोकळीत चरबीयुक्त पिवळी मज्जा उरते.

शस्त्रक्रियागृहात हा भेद ट्रेमध्येच मांडून ठेवलेला असतो. कॉर्टिकल स्क्रूचे आटे उथळ आणि जवळजवळ असतात, कारण भरीव भिंतीत थोडी खोली आणि अधिक आटे मिळाले की पकड घट्ट बसते. कॅन्सेलस स्क्रूचे आटे खोल आणि लांब लांब असतात, कारण जाळीतून जाताना प्रत्येक आट्याला शक्य तितक्या काड्या कवेत घ्याव्या लागतात. दांड्यावर धातूची पट्टी बसवताना पहिला वापरतात आणि हाडाच्या टोकाकडे, सांध्याजवळ, दुसरा. मधल्या भागात, जेथे भिंत पातळ होऊन जाळी सुरू होते, तेथे कोणता घ्यायचा हे शल्यचिकित्सक भोक पाडताना हाताला जाणवणाऱ्या विरोधावरून ठरवतात.