कान डोळ्यांच्या पुढं धावतो

आमच्याकडं श्रावण लागला की देवळात पोथी लागायची. एक जण ओव्या वाचायचा, दुसरा अर्थ सांगायचा. श्रीधरस्वामींच्या ‘हरिविजया’चे अध्याय ३६, ‘रामविजया’चे ४०. ऐकणाऱ्यांत अक्षरओळख नसलेल्या म्हाताऱ्या असत, मांडीवर पेंगणारी लेकरं असत. पण काल कथा कुठं थांबली हे सगळ्यांना ठाऊक असायचं. लहान लेकराला वाचून दाखवायला प्रकरणांचं पुस्तक कोणतं घ्यावं, असं कुणी विचारलं की मला ती बैठक आठवते.

लेकराला अजून जोडाक्षरं जमत नाहीत म्हणून आईबाप मोठ्या टायपातलं, चार-चार शब्दांच्या ओळींचं पुस्तक उचलतात. त्याला स्वतः वाचायला ते योग्यच. ऐकवायला मात्र तोकडं पडतं. १९८६ मध्ये फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी वाचनाचं एक सोपं सूत्र मांडलं: वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडता येणं गुणिले ऐकलेली भाषा समजणं. सहा वर्षांच्या लेकराचा पहिला आकडा अगदी लहान असतो, दुसरा त्यामानानं कितीतरी मोठा. आपण मोठ्यानं वाचतो तेव्हा पहिल्या आकड्याचा भार आपल्या अंगावर घेतो. म्हणून पुस्तक कानाच्या मापानं निवडावं.

ऐकवण्याचं पुस्तक जरा वरच्या भाषेतलं असलं तर फायदाच. इंग्रजीपुरती १९८८ मध्ये डोनाल्ड हेज आणि मार्गारेट अहरेन्स यांनी मोजणी केली होती. मुलांच्या पुस्तकांत दर हजार शब्दांमागं सुमारे ३१ विरळ शब्द सापडले. शिकल्यासवरलेल्या मोठ्यांच्या गप्पांत सुमारे १७. आपल्या लातूर भागात आणखी एक गोष्ट असते. घरात ‘काय करायलास?’ म्हणतात आणि पुस्तकात ‘काय करतो आहेस?’ असतं. ही दुसरी मराठी परीक्षेच्या पेपरात भेटण्याआधी बापाच्या आवाजात भेटलेली बरी.

पण एक अडचण आहे, आणि ती माझ्या लेकीनं दाखवली. ती साडेपाच वर्षांची असताना मी समुद्रकाठची एक गोष्ट वाचत होतो. ‘ओहोटी लागली’ या वाक्याशी तिनं माझा हात धरला.

“पप्पा, समुद्र रोज आटतो का?”

लातूरच्या लेकराला पाणी मागं सरणं म्हणजे आटणं एवढंच माहीत. मी चंद्राच्या ओढीचं सांगितलं, ताटात पाणी घेऊन ते एकीकडं कलवलं. ती रात्र त्यातच गेली, आणि चांगली गेली. मात्र प्रत्येक ओळीत असा खड्डा असता तर तिनं पुस्तकच सोडलं असतं. १९८८ मध्येच डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा मजकूर दिला. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. त्यामुळं पहिलं पुस्तक ज्वारी, बैलपोळा, आजोळ, बाजार अशा ओळखीच्या जगातलं घ्यावं. समुद्र दुसऱ्या पुस्तकात.

चित्रं कमी असली तरी घाबरू नये. २०१५ मध्ये जॉन हटन यांच्या गटानं तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या मेंदूचं, गोष्ट ऐकताना, स्कॅनिंग केलं. ज्यांच्या घरी वाचन जास्त, त्यांच्यात ऐकलेल्याचं मनात चित्र उभं करणाऱ्या भागात हालचाल जास्त दिसली. मुलं थोडी होती, पण चित्रांविना गोष्ट ऐकवायला मला तेवढा धीर पुरतो.

बाकी दुकानात उभं राहूनच ठरवता येतं. पहिली दोन पानं पुटपुटत वाचा. जीभ अडखळली तर रोज रात्री अडखळेल. प्रकरण दहा-पंधरा मिनिटांत संपावं आणि त्यात काहीतरी घडावं. पात्रं इतकीच असावीत, की दुसऱ्या दिवशी लेकरू नावं सांगू शकेल.

आमच्याकडं आता पुस्तक उघडायच्या आधी लेक आजीला कालचा अध्याय सांगते. अर्ध्यात विसरली की आजी आठवण करून देते, आणि मग दोघी माझ्याकडं बघतात. “वाच की आता,” आजीच म्हणते.