लाईट आल्यावर लिफ्ट आधी खाली का जाते?

सोसायट्यांमधून आम्हाला नेहमी फोन येतो की लाईट आली, पाचव्याचं बटण दाबलं आणि लिफ्ट हळूहळू खालीच निघाली, बिघडली का? नाही, बिघडलेली नाही. आपण नक्की कुठल्या मजल्यावर आहोत ते ती शोधतेय.

शाफ्टमध्ये प्रत्येक मजल्याला मॅग्नेट असतो आणि कारवर (म्हणजे लिफ्टच्या केबिनवर) रीड स्विच, जो मॅग्नेट जवळ आला की सिग्नल देतो, आणि बऱ्याच लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्याचा सिग्नल आणि सहाव्याचा सिग्नल अगदी सेम असतो. म्हणजे लिफ्ट चालवणाऱ्या कंट्रोलरला मजला दिसत नाही, तो नुसते सिग्नल मोजतो, वर जाताना एक मिळवायचा, खाली येताना एक वजा. आता लाईट गेली, कोणीतरी आत अडकलं आणि ब्रेक हाताने सोडून कार सरकवली, तर कंट्रोलर तेव्हा बंदच असतो, त्याला काहीच कळत नाही. मेमरीत चौथा, कार तिसऱ्यावर.

म्हणून तो मेमरीवर विसंबत नाही, सगळेच मजले शक्य आहेत असं धरतो आणि खाली येता येता एकेक बाद करतो. सात मजली बिल्डिंग असेल तर खाली येताना एक मजला ओलांडला की आता आपण सातव्यावर नाही हे पक्कं, दुसरा ओलांडला की सहावाही गेला, आणि सगळ्यात खालचा टर्मिनल स्विच एकाच जागी असतो, तो लागला की शंकाच उरत नाही. तळ किती जवळ आहे ते माहीत नसतं म्हणून स्पीड कमी.

दरवाज्यांचंही तसंच आहे. सगळ्या मजल्यांची लॉक एकाच सिरीजमध्ये असतात, एक उघडं राहिलं तरी लिफ्ट थांबते (थांबायलाच हवी), पण कंट्रोलरला फक्त सर्किट तुटलेलं कळतं, कुठल्या मजल्यावर ते नाही. मिळणाऱ्या सिग्नलवरून कुठला बिघाड ओळखता येईल आणि कुठला कधीच येणार नाही, याचं गणित १९९५ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या मीरा संपत आणि सहकाऱ्यांनी मांडलंय. आमचा टेक्निशियन मजल्यामजल्यावर दरवाजे तपासत फिरतो तो उगाच वेळ काढत नसतो, दुसरा मार्गच नसतो. सिरीजच्या मध्यावरून एक जादा वायर कंट्रोलरपर्यंत नेली की दोष वरच्या भागात का खालच्या ते लगेच कळतं, आणि हे काम आम्ही सगळ्यांनाच करून घ्या म्हणतो. शाफ्टला अ‍ॅब्सोल्यूट एन्कोडर (कार नक्की कुठे आहे ते थेट सांगणारं उपकरण) बसवला तर खालची फेरीही वाचते, पण चार मजल्यांच्या बिल्डिंगला त्या खर्चाची गरज नाही असं आमचं मत.

फेरी चालू असताना मेन स्विच बंद करू नका, शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. आणि फोन करताना शेवटचा दरवाजा कुठल्या मजल्यावर उघडला होता तेवढं नक्की सांगा.