सोलापूरच्या अग्निशमन दलाचा हिशेब: कोण मागू शकतं, अर्ज कुठे, कागद कोणते

१८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रस्ता एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली. आठ जण दगावले, त्यात कारखानदाराच्या घरचंच लहान मूलही होतं. अशा घटनेनंतर गावात तेच वाद सुरू होतात. बंब किती वाजता निघाला? पाणी पुरलं का? आत माणसं राहत असल्याचं कुणाला ठाऊक होतं? पूर्व भागात खाली माग आणि वर बिऱ्हाड अशी घरं गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे हे प्रश्न एका कारखान्यापुरते राहत नाहीत. त्यांची उत्तरं कार्यालयातल्या नोंदवह्यांमध्ये असतात आणि त्या नोंदवह्या पाहण्याचा हक्क तुम्हाला आहे. त्यासाठी काय करावं लागतं ते पुढे दिलं आहे.

दल नक्की कुणाचं?

बंब लाल आणि माणसं गणवेशात, म्हणून अनेकांना अग्निशमन दल पोलिसांसारखं राज्य सरकारचं वाटतं. शहरात तसं नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा नागरी संस्थांच्या कामांत आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ६३ मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्यं दिली आहेत, त्यांतही ती आहे. बंधनकारक म्हणजे पैसे उरले तर करू, असं म्हणायची सोय नाही. सोलापूर शहरातलं दल महापालिकेचं. त्याची जबाबदारी आयुक्तांवर आणि पैशांचा निर्णय सभागृहात. सभागृहाची मुदत संपून प्रशासक बसलेला असेल, तर तोच निर्णय त्यांच्या सहीने होतो. त्यामुळे पहिला अर्ज जातो इंद्रभुवनात, म्हणजे महापालिकेच्या मुख्य कार्यालयात.

मुंबईत सांताक्रूझच्या विद्यानगरीत महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालय आहे. ते तांत्रिक बाजू आणि प्रशिक्षण पाहतं, आग प्रतिबंधक यंत्रणा बसवणाऱ्या संस्थांना परवाने देतं. सोलापुरातला बंब का बिघडला, हे त्याला विचारून उपयोग नाही.

एमआयडीसीचा प्लॉट असेल तर गुंता वाढतो. तिथलं बांधकाम नियोजन आणि ना-हरकत दाखला हे एमआयडीसीचं काम, तिचा अग्निशमन विभाग स्वतंत्र आहे. आग लागल्यावर मात्र महापालिकेच्या गाड्याही धावतात. म्हणून प्रश्न वेगळे करा: यंत्रणा बसवली होती का, दाखला कुणी दिला, हे एमआयडीसीला, गाडी कधी निघाली, कधी पोहोचली, हे महापालिकेला. दोन्ही एकाच अर्जात घातलं की ‘हा विषय आमच्याकडे नाही’ असं उत्तर यायला वाट मोकळी होते.

बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, सांगोला अशा ठिकाणी नगरपरिषदेचे मुख्याधिकारी गाठायचे. खेड्यात जवळच्या नगरपरिषदेचा नाहीतर साखर कारखान्याचा बंब येतो. तिथे तक्रारीची जागा म्हणजे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, ज्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात.

आधी सोमवार, मग अर्ज

माझा सल्ला असा, की माहिती अधिकाराचा अर्ज पहिल्याच दिवशी करू नका. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हा पातळीवरची व त्याखालची कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांनी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहायला उपलब्ध करून द्यायचे आहेत. सोमवारी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. ही सोय फार थोडे लोक वापरतात. ओळखपत्र आणि साध्या कागदावर एक विनंती घेऊन जा. कोणत्या नोंदवह्या आहेत, त्यांना कार्यालयात काय म्हणतात, कोणत्या टेबलावर असतात, हे बसून पाहा. मग अर्जात ‘आगीबाबतची सर्व माहिती’ असं ढोबळ लिहावं लागत नाही.

पाहण्यासारखं काय? वर्दी नोंदवही सर्वांत मोलाची. आगीची खबर आली की ती ‘वर्दी’. खबर किती वाजता आली, गाडी कधी निघाली, कधी पोहोचली, कधी परतली, या वेळा नोंदवलेल्या असतात. दुसरी, गाड्यांची नोंदवही: कोणती गाडी किती दिवस दुरुस्तीत पडून होती. तिसरी, मंजूर पदं आणि भरलेली पदं. फायरमन, यंत्रचालक, केंद्र अधिकारी यांतली किती रिकामी आहेत आणि किती जागांवर ठेकेदाराची माणसं आहेत, यावर रात्री दोन वाजता गाडीवर किती जण चढतील हे ठरतं. ‘बंब उशिरा आला’ हे वाक्य ऐकलं की सगळे जवानांवर घसरतात. बऱ्याचदा दोष त्यांचा नसतो, तीन माणसांचं काम एकावर टाकणाऱ्या कागदाचा असतो.

तुलनेसाठी एक मापही आहे. केंद्र सरकारच्या स्थायी अग्निशमन सल्लागार समितीच्या निकषानुसार तीन लाखांपर्यंत दर ५० हजार लोकसंख्येमागे एक पंप (म्हणजे पाणी मारणारा बंब), त्यापुढे दर लाखामागे एक. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहर ९,५१,५५८ होतं. म्हणजे पहिल्या तीन लाखांना सहा आणि उरलेल्यांना सहा-सात, असे बारा-तेरा चालू पंप हवेत, राखीव वेगळे. हा निकष सल्ला आहे, कायदा नव्हे, पण प्रश्न विचारायला पुरेसा आहे.

माहिती अधिकाराचा अर्ज

पात्रता एकच: अर्जदार भारताचा नागरिक असावा. सोलापूरचा रहिवासी किंवा आगीत नुकसान झालेलाच असावा, असं काही नाही. माहिती कशाला हवी हे सांगायची गरज नाही आणि कुणी विचारलं तरी लिहू नका.

अर्ज ‘नमुना अ’ मध्ये, जन माहिती अधिकारी, अग्निशमन विभाग, सोलापूर महानगरपालिका यांच्या नावे. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावा किंवा रोख भरून पावती घ्या. दारिद्र्यरेषेखालचे असाल तर शुल्क नाही, दाखल्याची प्रत मात्र जोडा. महाराष्ट्राच्या नियमांत दोन अटी आहेत ज्यांत नवखे अडकतात: अर्जाचा मजकूर साधारण १५० शब्दांत आणि विषय एकच. वर्दी नोंदवही आणि अंदाजपत्रक दोन्ही हवं असेल तर दोन अर्ज, वीस रुपये.

मजकूर असा असू द्या: ‘दिनांक अमुक ते तमुक या काळात महापालिकेच्या सर्व अग्निशमन केंद्रांच्या वर्दी नोंदवहीतील नोंदींच्या छायांकित प्रती, ज्यांत वर्दी मिळाल्याची, गाडी निघाल्याची, पोहोचल्याची व परतल्याची वेळ आणि गाडीचा क्रमांक आहे.’ ‘गाडी उशिरा का आली?’ असं विचारू नका. कायद्याने फक्त अस्तित्वात असलेली माहिती मिळते, खुलासा मिळत नाही. तो ‘का’ नगरसेवकाकडे द्या, सभेत विचारायला.

प्रतींना पानामागे दोन रुपये. उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला असेल तर त्यांनीच पाच दिवसांत तो योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, तुम्हाला परत पाठवायचं नसतं. हस्ते दिल्यास दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर ३० दिवसांत ‘नमुना ब’ मध्ये पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे, वीस रुपयांचं स्टॅम्प लावून. त्यानंतर ९० दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे. तिथे तारीख पडायला वेळ लागतो. घाई असेल तर याच्या भरवशावर बसू नका.

पैशाचा माग

आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे ठेवतात, तिथून ते सर्वसाधारण सभेत जातं. तुमच्यासाठी कामाचे दोन आकडे: अग्निशमनासाठी तरतूद किती आणि वर्षअखेर प्रत्यक्ष खर्च किती. गाडी खरेदीची तरतूद दरवर्षी दिसते आणि खर्चाच्या रकान्यात शून्य, असं आढळलं तर प्रश्न तयारच आहे. मालमत्ता करात अग्निशमनासाठी वेगळा हिस्सा आकारायची तरतूद १९४९ च्या कायद्यात आहे. तुमच्या बिलावर तो रकाना आहे का पाहा. असेल तर शहरातून किती जमा झाला आणि किती त्याच कामावर गेला, हे विचारता येतं. त्याचबरोबर मुख्य लेखापरीक्षकांच्या अहवालातले अग्निशमन विभागाविषयीचे आक्षेपही मागा. हे सारं अंदाजपत्रक मंजूर होण्याआधी नगरसेवकाच्या हातात पडायला हवं. एप्रिलनंतर दिलेला कागद पुढच्या वर्षीच्या फायलीत जातो.

शेजारची इमारत धोक्याची वाटते

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा यातला मुख्य कायदा. ज्या इमारतींना यंत्रणा सक्तीची आहे, त्यांच्या मालकाने किंवा वापरणाऱ्याने परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून ‘नमुना ब’ प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, अग्निशमन विभागाला द्यायचं असतं. (माहिती अधिकाराच्या अपिलाचा नमुनाही ‘ब’च आहे, गल्लत नको.) रुग्णालय, मंगल कार्यालय, मॉल, शिकवणी वर्ग, कारखाना, उंच इमारत, सगळ्यांबाबत हे विचारता येतं. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ ला दहा नवजात बाळं गेली, तेव्हापासून रुग्णालयांच्या अग्नी तपासणीची चर्चा होते. चर्चेपेक्षा हे प्रमाणपत्र मागणं सोपं आहे.

तक्रार करायला तुम्ही मालक किंवा भाडेकरू असायची गरज नाही. साधा अर्ज, इमारतीचा नेमका पत्ता, काय दिसलं ते दोन ओळींत (जिन्यात सुताचे गठ्ठे, मागचं दार कुलूपबंद, विजेच्या मीटरभोवती चिंध्या) आणि बाहेरून काढलेले फोटो. विभागाचा अधिकारी पाहणी करून नोटीस देऊ शकतो. धोका तातडीचा असेल तर जागा रिकामी करणं, वीज-पाणी तोडणं इथवर अधिकार आहेत. महिनाभराने त्याच पत्त्याचा तपासणी अहवाल आणि नोटीस माहिती अधिकारात मागा. तक्रारीवर काय झालं ते त्यातून कळतं.

सोसायटीत राहत असाल तर आधी आपल्याच सचिवांना विचारा. पाण्याचा पंप चालू आहे का, हे पाहायला अर्ज लागत नाही.

गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर पाळणे, स्टॉल, खाण्याची दुकानं लागतात आणि ती जानेवारीतच असते. तात्पुरत्या मांडवांची परवानगी कोणत्या अटींवर दिली, बंब कुठे उभा राहणार, वाट किती रुंद सोडली, याची कागदपत्रं यात्रेच्या आधी मागा.

स्वतःला दाखला हवा असेल तर

बांधकामाआधीचा ना-हरकत दाखला मालक किंवा विकासक मागतो, काम झाल्यावर अंतिम दाखला. सोबत जागेच्या मालकीचा कागद, वास्तुविशारदाचे नकाशे, जिने-दारं-पाण्याची टाकी दाखवणारा आराखडा आणि शुल्काची पावती लागते. अंतिम दाखल्याला यंत्रणा बसवल्याचं परवानाधारक संस्थेचं ‘नमुना अ’ प्रमाणपत्रही. संस्थेचा परवाना चालू आहे का, ते संचालनालयाच्या यादीत तपासा. स्वस्तात बसवून देणारा बिनपरवान्याचा असला तर सगळे पैसे पाण्यात.

आग लागून गेल्यावर विम्यासाठी लागतो तो आगीचा दाखला. घरमालक, दुकानदार किंवा भाडेकरू कुणीही नुकसानग्रस्त मागू शकतो. अर्ज, ओळखपत्र, कर पावती किंवा वीज बिल, भाडेकरार असल्यास तो आणि पोलीस पंचनाम्याची प्रत जोडा. दाखल्यातल्या वेळा आणि कारण वाचूनच घ्या, कारण विमा कंपनी तेच वाचते.

अग्निशमन दाखले महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खालच्या अधिसूचित सेवांमध्ये येतात. मुदत, शुल्क आणि पदनिर्देशित अधिकाऱ्याचं नाव कार्यालयात फलकावर लावलेलं हवं. अर्जाची पोच मिळायलाच हवी, कारण मुदत तिथून मोजली जाते. मुदत टळली तर ३० दिवसांत पहिलं अपील, पुढे दुसरं आणि शेवटी लोकसेवा हक्क आयोग. कसूर ठरली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. दलालाला देण्याआधी ही ओळ त्याला वाचून दाखवा.

राहिला लोकशाही दिन, म्हणजे अधिकाऱ्यांनी नागरिकांची गाऱ्हाणी समोरासमोर ऐकायचा दिवस, महिन्याच्या पहिल्या सोमवारी. अर्ज विहित नमुन्यात १५ दिवस आधी द्यावा लागतो. वैयक्तिक गाऱ्हाणं हवं. न्यायालयात असलेली किंवा माहिती अधिकारात चालू असलेली प्रकरणं तिथे घेत नाहीत. म्हणून क्रम लावताना आधी विभागाकडे तक्रार, तिची पोच, उत्तराची वाट, मग लोकशाही दिनाचा अर्ज, आणि जोडपत्र म्हणून तीच पोच.