हार्ड डिस्कची पूर्वतयारी (पीसी-एक्सटी व एटी संगणक)

मार्च १९८३ मध्ये आलेल्या आयबीएम पीसी-एक्सटीपासून आयडीई डिस्क (नियंत्रक मंडल डिस्कवरच असलेला प्रकार) रूढ होईपर्यंत, नवी हार्ड डिस्क वापरात आणण्यापूर्वी कराव्या लागणाऱ्या तीन क्रिया : निम्नस्तरीय फॉरमॅट (सेक्टर, म्हणजे माहिती साठवण्याचे ठराविक आकाराचे तुकडे, आखणे), पार्टिशन पाडणे (डिस्कचे स्वतंत्र भाग करणे) आणि उच्चस्तरीय फॉरमॅट (फाइलींच्या नोंदींची तयारी). शेवटच्या दोन्ही डॉस या कार्यप्रणालीच्या एफडिस्क व फॉरमॅट या आज्ञांनी होत. खरी आखणी मात्र पहिल्या क्रियेतच होई. डॉसची फॉरमॅट आज्ञा हार्ड डिस्कवर सामान्यतः सेक्टर नव्याने आखत नाही. ती पृष्ठभाग वाचून तपासते आणि फाइल-तक्ता (कोणती फाइल कुठे आहे त्याची नोंद) व मूळ डिरेक्टरी लिहिते.

या डिस्कना त्या काळी ‘विंचेस्टर’ म्हणत. आयबीएमच्या १९७३ मधील ३३४० या डिस्क-यंत्रणेत मुळात ३० मेगाबाइटचे दोन भाग योजले होते. ‘३०-३०’ या आकड्यांवरून त्याच नावाच्या काडतुसाची विंचेस्टर रायफल प्रकल्पप्रमुख केनेथ हॉटन यांना सुचली, असे सांगतात. इंग्लंडमधील विंचेस्टर शहराजवळच्या आयबीएमच्या हर्स्ली प्रयोगशाळेशीही काहीजण हे नाव जोडतात. पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. ३३४० चे काम कॅलिफोर्नियातील सॅन होसे येथे झाले होते.

एक्सटीमध्ये बसवल्या जाणाऱ्या सीगेट एसटी-४१२ या १० मेगाबाइटच्या डिस्कमध्ये ३०६ सिलिंडर (सर्व हेडखाली एकाच वेळी येणाऱ्या ट्रॅकचा संच), ४ हेड (वाचन-लेखन शीर्षे) व दर ट्रॅकला (वर्तुळाकार पट्ट्याला) ५१२ बाइटचे १७ सेक्टर असत. निम्नस्तरीय फॉरमॅटमध्ये प्रत्येक सेक्टरचा पत्ता चुंबकीय खुणांनी लिहिला जाई. वेस्टर्न डिजिटलच्या डिस्क चालवणाऱ्या अनेक कंट्रोलर कार्डांवर डीबग या डॉसच्या कार्यक्रमात ‘जी=सी८००:५’ टाइप केले की कार्डाच्या रॉममधला (कायम स्मृतीतला) फॉरमॅट कार्यक्रम सुरू होई. डिस्कच्या झाकणावरील चिठ्ठीत छापलेले सदोष ट्रॅक सिलिंडर व हेड क्रमांकांनिशी हाताने भरावे लागत.

याच वेळी इंटरलीव्ह, म्हणजे लागोपाठच्या क्रमांकांचे सेक्टर ट्रॅकवर किती जागा सोडून ठेवायचे ते, ठरे. मिनिटाला ३,६०० फेऱ्या घेणाऱ्या डिस्कवरचा एक सेक्टर हेडखालून सुमारे एक मिलिसेकंदात सरकतो. तेवढ्यात कंट्रोलर व संगणक पुढच्या सेक्टरसाठी तयार नसले, तर पूर्ण फेरी वाया जाते. म्हणून एक्सटीवर ६:१ हे प्रमाण ठेवत, म्हणजे पुढच्या क्रमांकाचा सेक्टर सहाव्या जागी येई. ट्रॅकवर सेक्टर १, ४, ७, १०, १३, १६, २, ५ अशा क्रमाने येत आणि सहा फेऱ्यांत ट्रॅक वाचून होई. त्याच यंत्रावर १:१ ठेवल्यास सतरा फेऱ्या लागत. एटीवर (१९८४) ३:१ हे प्रमाण होते.

स्टेपर मोटरवर (ठराविक पायऱ्यांनी फिरणाऱ्या मोटरवर) चालणाऱ्या या डिस्कमध्ये हेडची जागा तापमानानुसार किंचित सरकते. त्यामुळे डिस्क कॅबिनेटमध्ये कायम राहणार त्याच स्थितीत बसवून, चांगली तापू देऊन मगच फॉरमॅट करणे इष्ट मानले जाई. काही वर्षांनी वाचनदोष वाढू लागल्यास बॅकअप घेऊन पुन्हा निम्नस्तरीय फॉरमॅट केल्याने डिस्क बरेचदा सुधारे.

पार्टिशनची नोंद पहिल्या सेक्टरमध्ये ६४ बाइटच्या तक्त्यात होते. त्यात चारच नोंदी मावतात. डॉस ३.३ पर्यंत एका पार्टिशनची मर्यादा ३२ मेगाबाइट होती. फॉरमॅटला ‘/एस’ जोडल्यास डॉसच्या प्रणाली-फाइलीही डिस्कवर येत आणि संगणक फ्लॉपीविना सुरू होई.

आयडीई डिस्कची निम्नस्तरीय आखणी कारखान्यातच होई.