दिव्यांग पार्किंग परवाना : गंभीर आजारातील पात्रता

आजारामुळे चालणे कठीण झालेल्या व्यक्तीला राखीव जागेत गाडी उभी करू देणारा सरकारी परवाना. त्यावर व्हीलचेअरचे चिन्ह असते, त्यामुळे तो फक्त व्हीलचेअरवाल्यांसाठीच आहे असा समज पसरला आहे. या समजापायी हृदयाचे, फुप्फुसाचे, कर्करोगाचे कित्येक रुग्ण अर्जच करत नाहीत. पात्रता ठरते ती आजाराने चालण्यावर आणलेल्या मर्यादेवरून. कर्करोग झाला एवढ्यावर परवाना मिळत नाही. केमोथेरपीच्या थकव्याने गाडीपासून दारापर्यंत जाताना दोनदा टेकावे लागत असेल, तर मिळू शकतो.

अमेरिकेत १९९१च्या संघीय नियमावलीने निकष आखून दिले. प्रत्यक्ष परवाना राज्ये देतात. न थांबता २०० फूट (सुमारे ६१ मीटर) चालता न येणे, काठी, कुबडी किंवा दुसऱ्या माणसाच्या आधाराशिवाय चालता न येणे, सोबत ऑक्सिजन बाळगावा लागणे, यांपैकी एकही पुरते. फुप्फुसाच्या आजारात स्पायरोमेट्रीत (जोराने फुंकून फुप्फुसाची क्षमता मोजणाऱ्या चाचणीत) पहिल्या सेकंदाला बाहेर पडणारी हवा एक लिटरपेक्षा कमी, किंवा विश्रांतीत, जादा ऑक्सिजन न देता, धमनीतील ऑक्सिजनचा दाब ६० मिमी पाऱ्यापेक्षा कमी असावा लागतो. हृदयविकार तिसऱ्या वा चौथ्या श्रेणीतला असावा लागतो; तिसऱ्या श्रेणीत बसल्या जागी त्रास नसतो, पण थोड्याशा हालचालीने धाप लागते. संधिवात, मज्जासंस्थेचे व हाडांचे आजारही चालणे फार मर्यादित झाल्यास धरले जातात. तात्पुरता परवाना लाल रंगाचा, जास्तीत जास्त सहा महिन्यांचा.

ब्रिटनमध्ये याला ब्लू बॅज म्हणतात. तो स्थानिक परिषद देते आणि सहसा तीन वर्षे चालतो. इंग्लंडमध्ये ३० ऑगस्ट २०१९पासून वरवर न दिसणाऱ्या विकारांनाही त्याची दारे उघडली. आयुष्याचे थोडेच महिने उरलेल्या रुग्णांचे अर्ज बऱ्याच परिषदा तातडीने हाताळतात. अर्जातच तसे स्पष्ट लिहावे.

अर्ज फेटाळले जाण्याचे नेहमीचे कारण म्हणजे डॉक्टरांच्या दाखल्यात निदान असते, मर्यादा नसते. ‘रुग्णाला सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद करणारा फुप्फुसाचा जुनाट आजार) आहे’ याने काहीच ठरत नाही. ‘सपाट रस्त्यावर ४० मीटरनंतर धाप लागते, दोन मिनिटे उभे राहावे लागते, चढावर त्याहून लवकर’ असे लिहिले की तपासणाऱ्याला निर्णय घेता येतो. दुसरी चूक रुग्णाकडून होते. ‘तसा चालतो मी’ असे तो स्वाभिमानाने सांगतो आणि चांगल्या दिवसाचे अंतर लिहितो. उपचारानंतरच्या वाईट दिवसांचे अंतर, लागलेला वेळ, थांबे आणि आठवड्यात असे दिवस किती येतात हे आठवडाभर टिपून दाखल्याआधी डॉक्टरांना द्यावे. तात्पुरत्या परवान्याला मुदतवाढ हवी तर नवा दाखला लागतो, म्हणून मुदत संपण्याआधी काही आठवडे हालचाल करावी.

परवाना व्यक्तीचा असतो, त्यामुळे शेजाऱ्याच्या गाडीतून जातानाही चालतो. मात्र रुग्ण त्या फेरीत नसताना नातेवाइकांनी वापरणे हा गैरवापर आहे. इंग्लंडमध्ये त्याला एक हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. अमेरिकेत परवान्याचा फलक गाडी उभी केल्यावर आतल्या आरशाला अडकवतात आणि निघताना काढतात, नाहीतर समोरचे नीट दिसत नाही. राखीव जागेशेजारची तिरप्या पट्ट्यांची मोकळी पट्टी दार पूर्ण उघडून वॉकर किंवा व्हीलचेअर बाहेर काढण्यासाठी असते. तिथे परवानाधारकानेही गाडी लावायची नसते.